स्वावलंबन कार्ड आणि संजय गांधी निराधार अनुदान : एका यशस्वी अर्जानंतरचे परीक्षण

माझ्या मामेबहिणीला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. तिचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि स्वावलंबन कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) आता हाती आले आहे, आणि त्याच्या आधारे संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून तिला दरमहा अर्थसाहाय्यही सुरू झाले आहे. मामा शेतमजूर, मामींचे शिक्षण प्राथमिक शाळेपर्यंतचे. त्यामुळे कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ही सेवा जवळून पाहता आली. ज्यांच्या घरी हा अर्ज करायचा आहे, किंवा करून अडकला आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे.

माझे मत आधीच सांगतो. सेवा मिळते, ती विनामूल्य आहे आणि पूर्वीपेक्षा निश्चितच चांगली आहे. परंतु तिची रचना अशी आहे की निरनिराळ्या कार्यालयांचा मेळ घालण्याचे सगळे काम ज्याला ते सर्वांत अवघड आहे त्याच कुटुंबावर येऊन पडते. वरवर हा एकच अर्ज वाटतो. प्रत्यक्षात रुग्णालय विचारते की दिव्यांगत्व किती आहे, तहसील कार्यालय विचारते की गरज किती आहे, आणि बँक विचारते की ही व्यक्ती खरोखर तीच आहे का. रुग्णालयात गरिबीची कहाणी सांगून टक्केवारी वाढत नाही आणि तहसीलमध्ये आजाराची फाइल दाखवून उत्पन्नाचा दाखला टळत नाही. कोणत्या टेबलावर कोणता प्रश्न आहे हे ज्यांना उमगते त्यांचा अर्ज पुढे सरकतो. हे कोठेही एका ठिकाणी लिहून लावलेले नाही, ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव मला वाटते.

सुरुवात केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अमलात आल्यावर मान्यताप्राप्त दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, आणि १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र याच पोर्टलवरून ऑनलाइन देणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी महाराष्ट्रात सॅडम या संगणक प्रणालीतून प्रमाणपत्रे दिली जात, आणि त्याही आधी हाताने लिहिलेली. बहिणीकडे तिच्या लहानपणीचे, १९९५ च्या कायद्याखालचे हस्तलिखित प्रमाणपत्र होते. ते जपून ठेवलेले होते म्हणून पुढे फार उपयोग झाला, कारण दिव्यांगत्व बालपणापासूनचे आहे याचा तो शासकीय शिक्क्याचा पुरावा ठरला. जुने प्रमाणपत्र, विशेष शाळेची प्रगतिपुस्तके, उपचारांच्या चिठ्ठ्या, यांतले काहीही निरुपयोगी म्हणून टाकून देऊ नये.

पोर्टलवरचा अर्ज भरणे कठीण नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, अलीकडचे छायाचित्र, सही किंवा अंगठ्याचा ठसा, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि तपासणीसाठी रुग्णालयाची निवड, एवढेच त्यात असते. अर्जाला शुल्क नाही. अर्जदार अल्पवयीन असेल, किंवा बौद्धिक दिव्यांगत्वासारख्या कारणाने स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर पालकाला अर्ज करता येतो. तशी तरतूद नियमांतच आहे, त्यामुळे ‘अर्जदारानेच सगळे केले पाहिजे’ असे कोणी सांगितले तर गोंधळून जाऊ नये. रुग्णालयही राहत्या जिल्ह्यातलेच हवे असे नाही, जेथे उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत तेथेही अर्ज करता येतो. ज्यांचे उपचार शेजारच्या जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयात झाले आहेत, त्यांना ही मुभा मोलाची आहे.

कष्ट आहेत ते फॉर्म भरण्याच्या आधी. आधार कार्डावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरे, ही ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वसाधारण स्थिती आहे, आणि एका अक्षराचा फरकही पुढे बँकेपर्यंत छळतो. म्हणून आधी आधार दुरुस्त करून घ्यावे, मगच पोर्टल उघडावे. मोबाइल क्रमांकही घरातल्या ज्या माणसाकडे तो कायम राहणार आहे त्याचाच द्यावा, सेवा केंद्रचालकाचा कधीही देऊ नये; अर्जाची पुढची सारी खबर त्याच क्रमांकावर येते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या नियमांत सुधारणा झाली. प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने करण्यात आली, आणि दोन वर्षांत निर्णय न झालेला अर्ज संपुष्टात येऊन अर्जदाराला नव्याने अर्ज करावा लागेल असे ठरले. मुदत वाढवण्यामागे तपासणी अधिक काटेकोर व्हावी हा हेतू असेल, आणि बनावट प्रमाणपत्रांची जी प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली ती पाहता काटेकोरपणाला कोणी हरकत घेणार नाही. परंतु दोन वर्षे निर्णय दिला नाही तो यंत्रणेने, आणि नवा अर्ज मात्र दिव्यांग व्यक्तीने करायचा, हे मला कोणत्याही अर्थाने न्याय्य वाटत नाही.

आता रुग्णालय. कोणते ते सांगत नाही, कारण तेथील बहुतेक कर्मचारी आपल्या परीने चांगले काम करत होते. दिव्यांगत्व तपासून टक्केवारी ठरवणारे डॉक्टरांचे दिव्यांग मंडळ आठवड्यातील ठरावीक वारी बसते आणि त्या दिवशी गर्दी प्रचंड असते. मंडळाची खोली वरच्या मजल्यावर होती आणि उद्वाहन बंद होते. पायांत शक्ती नसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना त्यांच्या दोन मुलांनी खुर्चीसकट जिन्यावरून उचलून नेले. चालता न येणाऱ्या माणसाला आपल्याला चालता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी जिना चढावा लागतो, हे पाहून मन विषण्ण झाले. २०१६ च्याच अधिनियमाच्या कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य व्हायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्येच संपली. निदान दिव्यांग मंडळ तरी तळमजल्यावर बसवावे, याला ना निधी लागतो ना नवा शासन निर्णय.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल मात्र मला सविस्तर आणि आदराने लिहायचे आहे. बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी नजरेच्या अंदाजाने ठरत नाही. बुद्धिमापन चाचणी होते आणि तिच्या जोडीला व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणी वापरली जाते, जिच्यात व्यक्ती रोजच्या जीवनात काय काय स्वतःहून करू शकते याची पालकांना विचारपूस केली जाते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या श्रेणीवरचे गुण ५५ ते ६९ असल्यास दिव्यांगत्व ५० टक्के, ३६ ते ५४ असल्यास ७५ टक्के, २१ ते ३५ असल्यास ९० टक्के आणि २० किंवा त्याहून कमी असल्यास १०० टक्के धरले जाते. ७० ते ८४ गुण असतील तर ते २५ टक्केच होते, आणि मग बहुतेक योजनांसाठी लागणारी ४० टक्क्यांची किमान अट पूर्ण होत नाही. थोडक्यात, आईने दिलेल्या उत्तरांवर फार मोठा भार असतो, आणि त्या खोलीत शिरताना आईला हे ठाऊक नसते.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी मामींना विचारले, “अंघोळ स्वतःची स्वतः करते का?” मामी लगेच म्हणाल्या, “करते की! सगळं करते हो माझी पोरगी. केसबी विंचरते.” हे उत्तर खोटे नव्हते. इतकी वर्षे ज्या मुलीला लोकांनी नाकारले, तिला काय काय येते हे सांगण्याची सवय त्या माउलीला लागलेली होती आणि त्यात अभिमान होता. परंतु पाणी किती गरम आहे हे बहिणीला कळत नाही, साबण लावायला प्रत्येक वेळी सांगावे लागते, आणि मामी दाराशी उभ्या नसतील तर अंघोळ अर्ध्यात राहते, हेही तितकेच खरे होते. त्या बाईंनी घाई केली नाही. “तुम्ही घरात नसला तर काय होतं, ते सांगा,” असे त्या म्हणाल्या, आणि त्या एका प्रश्नाने खरे चित्र समोर आले. बाहेर एवढी रांग असताना त्यांनी जो संयम दाखवला, त्याबद्दल या सेवेतील सर्वोच्च गुण मी त्यांना देईन.

यातून घेण्यासारखे एकच आहे. वाढवूनचढवून काही सांगू नये, कारण ते अप्रामाणिकपणाचे आहेच, शिवाय अनुभवी तपासनिसाच्या ते लगेच ध्यानात येते. पण प्रेमापोटी कमीही सांगू नये. जाण्यापूर्वी आठवडाभर वहीत लिहून ठेवावे की कोणते काम व्यक्ती स्वतःहून करते, कोणते सांगितल्यावर करते, कोणते कोणी शेजारी उभे असेल तरच करते आणि कोणते करतच नाही. दुकानातून उरलेले पैसे मोजून आणणे, रस्ता ओलांडणे, पोट दुखते आहे हे शब्दांत सांगणे, गॅस बंद करणे, अशा गोष्टी त्यात याव्यात. ही वही सर्व जाडजूड फायलींपेक्षा अधिक उपयोगी पडते. श्रवणदोष, दृष्टिदोष किंवा अस्थिव्यंग यांची मोजमापे वेगळी आहेत आणि तेथे यंत्राचा अहवाल किंवा डॉक्टरांची शारीरिक तपासणी अधिक बोलते. तरीही मानसिक आजार आणि स्वमग्नता या प्रकारांत पालकांच्या निवेदनाचे महत्त्व असेच राहते.

बहिणीचे दिव्यांगत्व ७५ टक्के ठरले आणि प्रमाणपत्र कायमस्वरूपी मिळाले. नव्या नियमांनुसार ४० टक्क्यांखालील दिव्यांगत्वाला पांढरे, ४० किंवा अधिक पण ८० टक्क्यांहून कमी असल्यास पिवळे आणि ८० टक्के व त्यापुढे निळे कार्ड असते. तिचे पिवळे आहे. कार्डावरचा १८ अंकाक्षरांचा क्रमांक देशभर चालतो. प्रमाणपत्र आणि कार्ड दोन्ही पोर्टलवरून उतरवून घेता येतात, त्यामुळे छापील कार्डाची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. अर्ज नाकारला गेला तर नकार कारणासह लेखी मिळाला पाहिजे, आणि निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येते. तपासणीच्या खोलीबाहेर टक्केवारी ऐकून निराश होऊन परतणारी माणसे मी पाहिली. त्यांतल्या कोणालाही अपिलाची माहिती नव्हती आणि भिंतीवरही ती कोठे लिहिलेली नव्हती.

यानंतर सुरू होतो तहसील कार्यालयाचा भाग, आणि येथे प्रश्नच बदलतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्जदार महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहणारा, ६५ वर्षांखालील आणि दिव्यांग असल्यास ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेला असावा लागतो. अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या (संक्षेपाने ‘संगांयो’) शाखेत जातो, तलाठ्यांकडून पडताळणी होते आणि तालुका समितीच्या बैठकीत मंजुरी मिळते. बैठक कधी आहे हे शाखेत नम्रपणे पण नियमितपणे विचारत राहावे लागते. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

या योजनेचे अर्थसाहाय्य दिव्यांगांसाठी दरमहा १,५०० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ पासून ते २,५०० रुपये झाले. ही वाढ खरोखर स्वागतार्ह आहे. मामींनी पहिल्यांदा त्या पैशांतून बहिणीची फिट्सची औषधे उधारीवर न आणता रोखीने आणली. ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेचे ३०० रुपये लागू होतात आणि उरलेली रक्कम राज्य भरते, त्यामुळे ७५ की ८० टक्के यावरून महाराष्ट्रात हाती पडणारी मासिक रक्कम कमी होत नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्याने अनेक जण पाच टक्क्यांसाठी विनाकारण खंतावतात.

माझा खरा आक्षेप उत्पन्नमर्यादेला आहे. दिव्यांग लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला ४,२०० रुपयांहूनही कमी. घरातला एक माणूस जरी नियमित मजुरीला जात असला तरी हा आकडा ओलांडला जातो. परिणामी ज्या कुटुंबात दिव्यांग मुलीला सांभाळण्यासाठी आई घरी बसते आणि वडील एकटे कमावतात, ते कागदावर ‘सधन’ ठरू शकते. मामांच्या मजुरीचे दिवस वर्षातून मोजकेच भरतात, म्हणून तिचा अर्ज बसला. शेजारच्या गल्लीतील अशाच एका मुलाचा बसला नाही, कारण त्याचे वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला आहेत. दोन्ही घरांतील ओढाताण सारखीच आहे. अर्थसाहाय्य वाढवताना ही मर्यादाही वाढवणे आवश्यक होते, आणि लोकप्रतिनिधींकडे मागणी करायची तर ती याच मुद्द्याची करावी.

बँकेच्या टप्प्यावर अनुदान मंजूर होऊनही पैसे अडकतात. रक्कम आता थेट लाभ हस्तांतरणाने आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. खाते आधारशी जोडणे आणि त्या खात्यावर थेट लाभ स्वीकारण्याची नोंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिली झाली की दुसरी आपोआप झाली असे समजू नये, बँकेत आधार सीडिंग, म्हणजे ही दुसरी नोंद, झाली का हे स्पष्ट विचारावे. आमच्याकडे एका बँकेने, बौद्धिक दिव्यांगत्व असलेली सज्ञान व्यक्ती स्वतः खाते चालवू शकत नाही असे सांगून, केवळ आईच्या सहीवर व्यवहार करण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते, पण त्यावरचा उपाय त्यांनी सांगितला नाही, आणि तो शोधण्यात बराच काळ गेला. त्याकडे शेवटी येतो.

त्याआधी प्रमाणपत्राचे इतर उपयोग थोडक्यात सांगतो. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, तेव्हा ग्रामसेवकांकडे लेखी मागणी करावी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेच्या निरामय योजनेत बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते. कुटुंबातील कोणी जुन्या करप्रणालीनुसार आयकर भरत असेल आणि दिव्यांग नातलग त्याच्यावर अवलंबून असेल, तर आयकर कायद्याखाली (१९६१ च्या कायद्यात हे कलम ८० डीडी होते) ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळू शकते.

रुग्णालयाच्या फाटकाशी आणि तहसीलच्या आवारात ‘टक्के वाढवून देतो’ असे सांगणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. फसवणुकीने दिव्यांगांचा लाभ घेणे हा २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९१ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय असे प्रत्येक खोटे प्रमाणपत्र खऱ्या अर्जदाराकडे संशयाने पाहायला लावते.

राहिला पालकत्वाचा विषय. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, आणि या समितीचे पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी खाते उघडण्यासाठी व चालवण्यासाठी ग्राह्य धरायचे असते. वर उल्लेखलेल्या चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी ही सोय आहे. न्यायालयात जावे लागत नाही. आम्ही हा अर्ज अनुदान मंजूर झाल्यावर केला. ज्यांच्या घरी अशी मुले सतरा वर्षांची होत आहेत त्यांनी तो मूल १८ वर्षे पूर्ण करताच, दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत जोडून, आधी द्यावा आणि संगांयोचा अर्ज त्याच्याबरोबरच चालू करावा, म्हणजे मंजुरीच्या वेळी चालवता येईल असे खाते तयार असेल. पालक म्हणून आम्ही मामींचे नाव दिले आहे.